धरायलाही शिकवलं, सोडायलाही शिकवलं



बचत गटाचं कुठलंही प्रशिक्षण असो, पापडाचं असो की शेळीपालनाचं, एक वाक्य तुमच्या कानावर पडलेलं असतंच. कुणाला एक मासा दिला तर त्याचं एक दिवसाचं भागतं, मासा धरायला शिकवलं तर जन्माची सोय होते. बँकेचे साहेब सांगतात, तालुक्याच्या मॅडम सांगतात, आणि आम्ही गटांच्या समन्वयक बायाही सांगतो. कुणी म्हणतं ही चीनमधली म्हण आहे. पण इंग्रजीत या म्हणीसारखं जुनं वाक्य सापडतं ते १८८५ सालच्या एका कादंबरीत, आणि ती कादंबरी एका बाईनं लिहिलेली आहे. तिचं नाव अ‍ॅन थॅकरे रिची. थॅकरे नावाच्या प्रसिद्ध इंग्रज लेखकाची ही मुलगी. त्या लेखकाचा जन्म आपल्या कोलकात्यातला.

म्हण चांगली आहे, पण तिच्यात एक गोष्ट राहून गेली आहे. समजा, गावातल्या दहा जणींना मासा धरायला शिकवलं. दहाचं बघून शंभर शिकल्या. तळं मात्र तेवढंच राहिलं. मग पुढं काय?

या प्रश्नाचं उत्तर शोधत आयुष्य काढलेल्या एका माणसाची गोष्ट आज आम्ही तुम्हाला सांगणार आहोत. त्यांचं नाव ली वुल्फ. माणूस अमेरिकेतला. त्यांनी आयुष्यभर नदीवर, रानात, पाण्यावर काम केलं आणि हजारो लोकांना मासा धरायला शिकवलं. पण त्यांचं नाव राहिलं आहे ते दुसऱ्याच कारणानं. धरलेला मासा परत सोडावा, हेही त्यांनी शिकवलं.

तुमच्यातल्या कितीतरी जणी हसतील. धरलेला मासा सोडायचा? मग धरायचाच कशाला? थांबा, आम्हालाही आधी तसंच वाटलं होतं. गोष्ट पुरती ऐका.

ली वुल्फ यांचा जन्म १० फेब्रुवारी १९०५ चा, अलास्कातल्या वाल्डीझ या बंदराच्या गावातला. अलास्का म्हणजे अमेरिकेचं अगदी उत्तरेचं टोक. बर्फ, डोंगर आणि माशांनी भरलेल्या नद्या. सोनं शोधायला आलेल्या लोकांमुळं ते गाव नुकतंच उभं राहिलं होतं. तिथल्या मुलांना लहानपणापासून नदीचा नाद लागायचा, तसा यांनाही लागला. पुढं त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातून इंजिनिअरची पदवी घेतली. पण मन त्यात रमलं नाही. ते पॅरिसला गेले, चित्रकला शिकले, परत येऊन न्यूयॉर्कमध्ये जाहिरातींची चित्रं काढू लागले. सुट्टी मिळाली की पाय नदीकडं. शेवटी नोकरी सोडली आणि नदीवरच पोट भरायचं ठरवलं. मासेमारीवर लिहायचं, फोटो काढायचे, चित्रं काढायची, भाषणं द्यायची, लोकांना शिकवायचं.

आता ही मासेमारी कसली ते सांगतो. आपल्याकडं गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात. कोकणात याला गरीनं मासे धरणं म्हणतात. वुल्फ यांच्याकडची रीत जरा निराळी होती. तिथल्या थंड, वाहत्या पाण्यातले मासे पाण्यावर बसणारे किडे खातात. म्हणून गळालाच पिसं, केस, धागा गुंडाळून किड्यासारखी खोटी माशी बनवायची. ती इतकी हलकी असते की फेकली तर पुढं जात नाही. म्हणून दोरी जड घ्यायची आणि काठीच्या झटक्यानं ती दोरी हवेत मागं-पुढं फिरवून माशी अलगद पाण्यावर उतरवायची. बघायला सोपं वाटतं, पण हाताला वळण लागायला फार दिवस जातात.

त्या काळी या माशा पिसांच्या असत. जोराच्या पाण्यात त्या भिजून बुडायच्या. १९३० च्या सुमारास वुल्फ यांनी हरणाच्या शेपटीचे केस वापरून भरघोस माशी बांधली. ती खळाळत्या पाण्यावरही तरंगायची. आजही जगभर ती त्यांच्याच नावानं ओळखली जाते. माशी बांधताना लोक गळ एका छोट्या शिकंजात धरतात. हे मात्र नुसत्या बोटांत धरून बांधायचे.

१९३१ साली त्यांनी आणखी एक साधं काम केलं. नदीत कमरेइतक्या पाण्यात उभं राहिल्यावर पेटी ठेवायची कुठं? त्यांनी एक जाड कापडाचं बिनबाह्यांचं जाकीट घेतलं आणि स्वतः सुई-दोरा घेऊन त्याला खिसेच खिसे शिवले. आज जगभर अशी मासेमारी करणारे कितीतरी लोक तसलं जाकीट घालतात. तुमच्यातल्या शिवणकाम करणाऱ्या जणींना हे आवडेल. अडचण कामाच्या जागी कळते आणि तोडगाही तिथंच सुचतो.

पुढची गोष्ट न्यूफाउंडलंडची. हे कॅनडाच्या पूर्वेचं मोठं बेट. १९४९ पर्यंत ते कॅनडात नव्हतं, ब्रिटिशांच्या ताब्यात होतं. तिथल्या नद्यांमध्ये सालमन नावाचा मासा येतो. आपल्या बाजारात रावसालाही कुणी इंडियन सालमन म्हणतात, पण हा मासा वेगळा. हा जन्मतो नदीत, दोन-तीन वर्षं नदीत वाढतो, मग समुद्रात जातो. तिथं खाऊन-पिऊन मोठा होतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्या जन्माच्या नदीत येतो. प्रवाहाच्या उलट्या दिशेनं, धबधब्यावरून उड्या मारत. कोकणातल्या आणि घाटातल्या बायकांना वेगळं सांगायला नको. पहिल्या मोठ्या पावसात आपल्या ओढ्यातही मासे असेच वर चढतात. आपण त्यांना चढणीचे मासे म्हणतो, रायगडाकडं वळगणीचे मासे म्हणतात. सालमन हा तिकडचा चढणीचा मासा समजा.

वुल्फ १९४० च्या दशकात न्यूफाउंडलंडला गेले. तिथं रस्ते जवळजवळ नव्हतेच. त्यांनी पोर्टलंड क्रीक नावाच्या नदीवर तळ उभारला, बाहेरून येणाऱ्या हौशी लोकांना राहायची आणि मासे धरायची सोय केली. १९४७ साली दोन माणसांचं छोटं विमान घेतलं, पाण्यावर उतरणारं. ते स्वतःच चालवायचे. तळावर वाट दाखवायला, होडी चालवायला, स्वयंपाकाला गावातली माणसं कामाला लागली.

मैत्रिणींनो, इथं एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. शिकवणारा माणूस कुणाकडून शिकतो, त्याची. पोर्टलंड क्रीकच्या गावकऱ्यांकडं ब्रिटिश जहाजांवरच्या अधिकाऱ्यांनी देऊन टाकलेल्या जुन्या माशा असायच्या. त्या माशांच्या टोकाचा तातीचा फास जुना होऊन कुजलेला. दोरी तिथं बांधली की मासा ओढताच फास तुटायचा, मासाही जायचा आणि माशीही. गावकऱ्यांनी युक्ती केली. माशीच्या मानेभोवतीच दोरीचा आणखी एक वेढा टाकायला सुरुवात केली. त्यामुळं माशी तिरकी व्हायची आणि पाण्यावर रेघ काढत चालायची. शहाण्या माणसांच्या मते हे चुकीचं होतं. पण सालमन त्या रेघेमागं धावायचा! वुल्फ यांनी हे बघितलं, गावच्या वाटाड्यांकडून शिकून घेतलं, आणि लिहिताना ही युक्ती पोर्टलंड क्रीकच्या लोकांची आहे असंच सांगितलं. आज जगभर त्या गाठीला पोर्टलंड क्रीकचं नाव आहे.

गरिबीतून आलेली युक्ती, फुकट मिळालेल्या खराब सामानातून काढलेली. शिकवायला येणाऱ्यानं ती आपल्या नावावर खपवली नाही. आपल्याकडं किती बायांच्या युक्त्या दुसऱ्याच कुणाच्या नावानं छापून येतात, ते आठवा. म्हणून ही गोष्ट आम्हाला मोठी वाटते.

आता मासा सोडण्याचं बघू. १९३९ साली वुल्फ यांनी गोड्या पाण्यातल्या मासेमारीवर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी मांडलं की असा चांगला मासा इतका मोलाचा आहे की तो एकदाच धरून संपवणं परवडणारं नाही. त्या काळी लोक मेलेल्या माशांची माळ दोरीला लटकवून फोटो काढायचे. जेवढी लांब माळ, तेवढी जास्त शान. त्यात हा माणूस म्हणतो, मासा धरा, बघा आणि परत सोडा.

त्यांचा हिशोब सरळ होता. हौशी माणूस नदीवर येतो तो मासा धरायच्या आनंदासाठी. तो पोटासाठी येत नाही. त्यानं मासा सोडला तर तोच मासा उद्या दुसऱ्याला मिळेल, परवा तिसऱ्याला. प्रत्येक वेळी वाटाड्याला मजुरी मिळेल, होडीवाल्याला भाडं मिळेल. आणि मादी असेल तर वर चढून हजारो अंडी घालेल. हजारो अंड्यांतून मोठे होऊन परत येणारे मासे अगदी थोडे. त्यामुळं वर पोचणाऱ्या एकेका मादीला किंमत आहे.

पण नुसतं सोडा म्हणून भागत नाही. सोडलेला मासा जगला पाहिजे. त्याचंही शिक्षण लागतं. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, तो त्याचं रोगापासून रक्षण करतो. कोरड्या हातानं धरलं तर तो थर निघतो. म्हणून आधी हात ओले करायचे. मासा पाण्याबाहेर फार वेळ ठेवायचा नाही. झुंज फार लांबवायची नाही, नाहीतर तो दमून मरतो. सोडताना प्रवाहाकडं तोंड करून धरायचा, त्याचे कल्ले हलायला लागले, शेपटीत जोर आला की हात काढायचा. पूर्वी मोठा सालमन काठावर घ्यायला लोखंडी आकडा त्याच्या अंगात खुपसत. वुल्फ यांनी दाखवून दिलं की शेपटीच्या बारीक जागी हातानं घट्ट पकडलं तरी मासा हाती येतो. आकडा लागतच नाही.

हे सगळं त्यांनी पुस्तकांतून सांगितलं, भाषणांतून सांगितलं, स्वतः चित्रफिती काढून गावोगाव दाखवलं आणि पुढं टीव्हीवरही दाखवलं. बोलून पटत नाही तिथं करून दाखवायचं, ही त्यांची रीत. हलक्या काठीनं मोठा मासा येत नाही असं कुणी म्हणालं, तर त्यांनी काठी बाजूला ठेवून नुसत्या हातानं दोरी फेकून सालमन धरून दाखवला.

सगळ्यांनी ऐकलं असं नाही. १९६० च्या दशकात ग्रीनलंड बेटाजवळच्या समुद्रात सालमन कुठं चरतो ते मोठ्या बोटींना कळलं. अनेक देशांच्या नद्यांतले मासे तिथं एकत्र यायचे. बोटींनी जाळी लावली आणि इकडं नद्या रिकाम्या पडू लागल्या. नदीवरच्या माणसानं मासा सोडला आणि समुद्रावरच्यानं उचलला, तर काय उपयोग? वुल्फ आणि त्यांच्यासारख्या अनेकांनी यावर आवाज उठवला. पुढं देशादेशांत करार झाले. १९८४ साली कॅनडानं पूर्वेच्या किनाऱ्यावरच्या प्रांतांत हौशी मासेमारांसाठी नियम केला, की ६३ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा सालमन मिळाला तर तो सोडून द्यायचा. कारण मोठ्या माशांत अंड्यांच्या माद्या जास्त असतात. १९३९ साली लोकांना जे वेडेपण वाटलं होतं, त्याचा ४५ वर्षांनी कायदा झाला.

आता या गोष्टीतली बाई. तिच्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

जोन साल्वाटो हिचा जन्म १९२६ चा, न्यू जर्सी राज्यातल्या पॅटरसन गावचा. वडिलांचं बंदुका आणि मासेमारीच्या सामानाचं दुकान होतं. वडील रात्री मासे धरायला जायचे, तेव्हा आई होडीचं वल्हं मारायची आणि छोटी जोन बरोबर असायची. होडी काठाच्या जास्त जवळ गेली तर आईला बोलणी, जास्त लांब राहिली तरी आईलाच बोलणी. मासा वडिलांच्या नावावर. त्या वयातच पोरीच्या मनात आलं, वल्हं मारण्यापेक्षा काठी हातात असलेली बरी.

वडील भावांना फेक शिकवायचे, तिला नाही. दहा वर्षांची असताना आईला विचारून ती वडिलांची काठी घेऊन तळ्यावर गेली. फेकता फेकता काठीचं पुढचं टोक निसटून पाण्यात पडलं. शेजाऱ्यानं दाताळं घालून ते बाहेर काढलं. घरी आता मार बसणार असं तिला वाटलं. पण वडिलांनी विचारलं, तुला शिकायचंय का?

मैत्रिणींनो, पुढं १९४३ ते १९६० या काळात या मुलीनं फेकीच्या स्पर्धांत देशपातळीवरचे कितीतरी किताब जिंकले. १९५१ साली लांब फेकीच्या एका स्पर्धेत समोर सगळे पुरुष असताना ती पहिली आली. १९६० साली तिनं १६१ फूट फेक केली. ती नाच शिकली होती आणि शिकवतही होती. नुसत्या मनगटाच्या जोरानं फेक जात नाही, सगळं अंग त्यात लागतं, हे तिला नाचानं शिकवलं.

१९६७ साली जोन आणि ली यांचं लग्न झालं. १९७९ साली दोघांनी न्यूयॉर्क राज्यातल्या कॅटस्किल डोंगरात, बीव्हरकिल नदीकाठी मासेमारीची शाळा काढली. तिथं फेक शिकवण्याचं काम मुख्यतः जोनबाईंचं. तोवर शिकवणारे म्हणायचे, माझ्याकडं बघा आणि तसं करा. पण दणकट पुरुषाचा हात बघून बारीक अंगाच्या बाईला ते कसं जमावं? जोनबाईंनी फेकीचे तुकडे पाडले. हात कुठून सुरू करायचा, दोरीचं वजन काठीवर कधी येतं, झटका नेमका कुठं द्यायचा, थांबायचं कुठं. प्रत्येक तुकड्याला नाव दिलं. १९८७ साली त्यावर पुस्तक लिहिलं. नाव मिळालं की ती गोष्ट सांगता येते, चुकली तर कुठं चुकली ते दाखवता येतं. वहीत जमा-खर्चाचे रकाने पाडल्यावर गटातल्या नवीन बाईलाही हिशोब कळतो, तसंच हे.

२८ एप्रिल १९९१ रोजी ली वुल्फ गेले. वय ८६ वर्षं. विमान चालवण्याचा परवाना पुढं चालू ठेवायचा म्हणून त्या दिवशी ते उड्डाण करत होते. न्यूयॉर्क राज्यातल्या हँकॉक गावाजवळ ते छोटं विमान पडलं. शाळा जोनबाईंनी पुढं चालवली. ज्या मुलीला आधी कुणी शिकवत नव्हतं, तिच्या हाताखाली बाया आणि पुरुष दोघं शिकून गेले.

आता ते गेल्याच्या पुढच्याच वर्षी न्यूफाउंडलंडमध्ये काय झालं ते ऐका. वुल्फ यांची लढाई सालमनसाठी होती. त्या बेटाचं पोट मात्र कॉड नावाच्या समुद्रातल्या माशावर होतं. पाचशे वर्षं लोक तो धरत आले होते. खारवलेला कॉड जगभर जायचा. १९५० नंतर मोठमोठी जहाजं आली. जहाजावरच बर्फघर, जहाजावरच कारखाना. १९६८ साली एका वर्षात सुमारे आठ लाख टन कॉड काढला गेला. पुढं किनाऱ्यावरचे छोटे मच्छीमार सांगू लागले, मासा कमी होतोय, आकारानं लहान होतोय. त्यांचं म्हणणं वेळेवर कुणी मनावर घेतलं नाही. २ जुलै १९९२ रोजी सरकारला कॉडची मासेमारी बंद करावी लागली. एका फटक्यात सुमारे तीस हजार माणसांचं काम गेलं. त्यात मासे सोलणाऱ्या, कापणाऱ्या, भरणाऱ्या कारखान्यातल्या बाया फार होत्या. बंदी दोन वर्षांसाठी म्हणून घातली होती. ती उठायला २०२४ साल उजाडलं.

या लोकांना मासा धरायला शिकवायची गरज नव्हती. त्यांच्याइतकं ते कुणाला येत होतं? धरणं सगळ्यांना येत होतं, मोठ्या जहाजांना तर फारच. कुठं थांबायचं हे ठरवणारं मात्र कुणी नव्हतं. आम्ही सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. धरण्याची कला शिकवली आणि थांबण्याचा नियम शिकवला नाही, तर शिकलेली माणसंच उपाशी राहतात.

पण एक खरं बोलायला हवं. वुल्फ यांचा धडा आहे तसा उचलून आपल्या गावात लावता येणार नाही. त्यांच्याकडं येणारे लोक पैसेवाले, हौशी. मासा सोडला तरी त्यांची चूल बंद पडत नव्हती. आपल्याकडं ओढ्यावर पाग टाकणारी माणसं, खाडीत उतरणाऱ्या बाया संध्याकाळच्या कालवणासाठी जातात. त्यांना मासा सोडून दे म्हणणं म्हणजे ताटातला घास काढून घेणं. सोडण्याचा भार एकटीच्या पोटावर येता कामा नये. तो नियम सगळ्यांनी मिळून ठरवायचा, सगळ्यांनी मिळून पाळायचा आणि मोठ्यांनी आधी पाळायचा. एकटीनं सोडायचं आणि दुसऱ्यानं उचलायचं, याचं काय होतं ते ग्रीनलंडच्या समुद्रात दिसलं.

आणि ही रीत आपल्याला परकी नाही. महाड तालुक्यातल्या वाळण कोंडीत आणि वाडा तालुक्यात वैतरणेवरच्या तिळसेश्वराच्या डोहात महाशीर मासे आहेत. देवाचे मासे म्हणून गावकरी त्यांना हात लावत नाहीत. नदीत सगळीकडं मासेमारी होते, पण एक डोह राखलेला असतो. राखलेल्या डोहात मोठ्या माद्या जगतात आणि नदीला पुन्हा मासा मिळतो. आपल्या पूर्वजांनी कागदावर कायदा केला नाही, देवाच्या हवाली केला. सरकारचेही नियम आहेत. पावसाळ्यात, माशांच्या विणीच्या दिवसांत, समुद्रातली यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. २०२३ साली राज्य सरकारनं ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिले. त्याहून लहान मासा धरायचा नाही. पापलेटाचं पिल्लू विकलं तर आज काही रुपये मिळतील, पण तेच वाढलं तर किती मिळतील, आणि वाढून एकदा अंडी घातली तर पुढं किती, हे बाजारात बसणाऱ्या कोळणीला आम्ही सांगायला नको.

ज्या गटांनी गावतळं किंवा पाझर तलाव घेतला आहे, त्यांच्यासाठी थोडं नीट सांगतो. कटला, रोहू, मृगळ हे मासे साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांचं बीज बाहेरून आणून सोडावं लागतं. इंजेक्शन देऊन या माशांची वीण करण्याची रीत १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात यशस्वी केली, म्हणून १० जुलैला मत्स्यशेतकरी दिन असतो. अशा तळ्यात नियम वजनाचा हवा. पाव किलोचा मासा काढला तर बोटुकलीचे, खाद्याचे पैसेही नीट निघत नाहीत. जाळ्याचा आस मोठा ठेवा, लहान मासा आपोआप सुटेल. मरळीचं मात्र वेगळं आहे. मरळ आपल्याच तळ्यात, ओढ्यात वीण करते आणि पिलांची राखण करते. पाण्यावर तांबूस पिलांचा थवा दिसला की खाली राखण करणारी मरळ असतेच. त्या वेळी ती सहज गळाला लागते, पण ती काढली की पिलं दुसऱ्या माशांच्या तोंडी जातात. चढणीच्या माशांचंही तेच आहे. गाभोळीनं भरलेली मासोळी वर चढताना सगळा ओढा जाळ्यानं अडवला, तर पुढच्या वर्षी चढायला कोण राहणार?

म्हणून आमची एक विनंती आहे. पुढच्या गटाच्या बैठकीत हप्ते आणि वही झाली की एक विषय घ्या. आपल्या गावच्या पाण्यात कुठले मासे होते आणि आता कुठले उरलेत, हे म्हाताऱ्या बायांना विचारा आणि लिहून काढा. ओढ्याचा एखादा डोह राखता येईल का, पहिल्या पावसाचे काही दिवस थांबता येईल का, यावर बोला. त्या दिवसांत ज्यांची चूल त्या माशावर चालते त्यांना गटातून काय हात देता येईल, हेही त्याच बैठकीत ठरवा. भोई आणि कोळी भगिनी गटात असतील तर आधी त्यांचं ऐका. पोर्टलंड क्रीकच्या वाटाड्यांसारखं पाण्याचं खरं ज्ञान त्यांच्याकडं आहे. ग्रामसभेत मांडायचं असेल तर त्यांनाच मांडू द्या.

आणि घरी एखादी पोर होडीत बसून वल्हंच मारत असेल, तर तिला विचारा, तुला शिकायचंय का?